हातानं सरळ उडणारं विमान ऑटोवर टाकलं की का पडतं? दोष शोधायचा क्रम

रेडिओवर हातानं उडवलं तर विमान अगदी गुणी. ऑटोवर टाकलं की एकतर पालथं होतं, नाहीतर सापासारखं वळवळत जातं, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर नाक टाकून शेतात. आरसी (रेडिओवर चालणाऱ्या) विमानात फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे विमान स्वतः उडवणारा छोटा संगणक-बोर्ड, बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. त्यावर पहिली हालचालही ठरलेली: मिशन प्लॅनर (बोर्डाची सेटिंगं बदलायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर) उघडायचा, पी-आय-डीचे आकडे (दुरुस्ती किती जोरात करायची ते ठरवणारे गेन) बदलायचे, पुन्हा उडवायचं. फोम चिकटवून चिकटवून विमानाचं वजन शंभर ग्रॅमनं वाढतं, दोष मात्र जागच्या जागी.

गेनला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा. स्विच मारल्यापासून बिघाड दिसेपर्यंत किती सेकंद गेले? पहिल्या सेकंदाचा दोष, पाचव्या सेकंदाचा दोष आणि वळणातला दोष यांची कारणं वेगवेगळ्या थरांत असतात. एका थराचा दोष दुसऱ्या थरात दुरुस्त होत नाही.

इथले सगळे आकडे एका ठराविक विमानासाठी आहेत: बिक्सलर धाटणीचं, १४०० मिमी पंखाचं, मागून ढकलणाऱ्या प्रॉपचं (प्रोपेलरचं) फोमचं विमान. पंखाचं क्षेत्रफळ ०.२६ चौरस मीटरच्या आसपास, तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी, जीपीएस-होकायंत्र आणि टेलिमेट्री धरून उड्डाणाचं वजन १.२ किलो. बोर्डावरचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, आर्डूप्लेन ४.५ किंवा पुढचं. पॅरामीटरची (सेटिंगची) नावं मोठ्यानं वाचतो तशी लिहिली आहेत.

४.५ मध्ये बरीच नावं आणि एककं बदलली, हे आधीच सांगून ठेवतो. पूर्वी रोलची (डाव्या-उजव्या झुकण्याची) मर्यादा शतांश अंशांत असायची, म्हणजे ४५ अंशांसाठी ४५००. आता ती थेट अंशांत आहे. जुन्या फर्मवेअरमध्ये कुणी ४५ भरलं तर विमानाला अर्ध्या अंशाचीही कूस (बाजूचा झुकाव) द्यायची परवानगी नसते आणि ते वळतच नाही. मित्राकडून घेतलेली जुनी पॅरामीटर फाइल नव्या फर्मवेअरवर चढवली, तर बदललेल्या नावांच्या ओळी लागूच होत नाहीत. तेव्हा चढवून झाल्यावर रोल लिमिट, पिच लिमिट मॅक्स (नाक किती वर जाऊ द्यायचं), एअरस्पीड मिन आणि एअरस्पीड क्रूझ हे चार आकडे डोळ्यांनी वाचा.

पहिल्या सेकंदात पालथं झालं तर

ही उलट्या दिशेची चूक. आधी तीच तपासा.

मॅन्युअलमध्ये (हातानं उडवताना) काठीची हालचाल रेडिओतून बोर्डात आणि बोर्डातून सर्वोकडे (पंखाच्या-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींकडे) जाते. वाटेत दिशा उलटवणाऱ्या तीन जागा आहेत: ट्रान्समीटरमधलं रिव्हर्स, बोर्डातलं आरसी रिव्हर्स्ड आणि सर्वो रिव्हर्स्ड. यांतल्या दोन जागा चुकल्या तरी दोन चुका एकमेकींना खातात आणि काठी बरोबर चालते. म्हणून मॅन्युअलमध्ये विमान छान उडतं. पण ऑटोपायलटची दुरुस्ती ट्रान्समीटरमधून जात नाही, ती फक्त सर्वो रिव्हर्स्डमधून जाते. तिथं दिशा उलटी असेल तर डावीकडे झुकलेल्या विमानाला तो आणखी डावीकडे ढकलतो. चूक जितकी वाढते तितका जोर वाढतो. एका सेकंदात विमान पाठीवर.

तपासणी प्रॉप काढून, जमिनीवर:

१. एफबीडब्ल्यूए मोड लावा (यात काठी झुकण्याचा कोन मागते आणि बोर्ड तो धरतो). काठ्या मध्यावर, हात रेडिओवरून बाजूला.

२. विमान हातानं उजवीकडे झुकवा. उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची फळी) खाली आणि डावा वर गेला पाहिजे, म्हणजे विमान सरळ करायचा प्रयत्न दिसला पाहिजे.

३. नाक वर करा. एलेव्हेटर (शेपटीची आडवी फळी) खाली गेला पाहिजे.

४. नाक झटकन उजवीकडे फिरवा. रडर (शेपटीची उभी फळी) क्षणभर डावीकडे हलला पाहिजे. हा परिणाम बारीक असतो आणि काही सेटिंगमध्ये दिसतही नाही. पहिल्या दोन दिशा मात्र चुकता कामा नयेत.

५. हे जमल्यावरच काठ्या हलवा. काठी उलटी चालत असेल तर ती ट्रान्समीटरमध्ये किंवा आरसी रिव्हर्स्डमध्ये सुलटी करा, सर्वो रिव्हर्स्डला हात लावू नका.

क्रम हाच ठेवा: आधी ऑटोपायलट ते सर्वो, मग काठी ते ऑटोपायलट. उलट क्रमानं केलं की दोन चुकांची जोडी पुन्हा जमते.

डेल्टा पंखाच्या विमानात आणखी एक भानगड आहे. ट्रान्समीटरमध्ये एलेव्हॉन मिक्स (एलेरॉन आणि एलेव्हेटर एकाच फळीत मिसळणं) चालू ठेवून बोर्डातही ७७ आणि ७८ हे एलेव्हॉनचे फंक्शन दिले, तर मिश्रण दोनदा होतं. ट्रान्समीटरमधलं प्रत्येक मिक्स बंद करा. बोर्डाला निखळ रोल आणि निखळ पिच हवे असतात. व्ही आकाराच्या शेपटीलाही हाच नियम, तिथं फंक्शन ७९ आणि ८०.

लॉगमध्ये (बोर्डातल्या उड्डाणाच्या नोंदीत) ही चूक लगेच ओळखू येते. डिझायर्ड (मागितलेला) रोल शून्याजवळ स्थिर, खरा रोल पळत सुटलेला आणि एलेरॉनचं आउटपुट टोकाला जाऊन चिकटलेलं. गेन कमी पडला म्हणून विमान पालथं होत नाही. कमी गेनचं विमान आळसावतं.

बोर्ड ९० अंश फिरवून बसवला असेल आणि एएचआरएस ओरिएंटेशन (बोर्ड कोणत्या दिशेनं बसवला ते सांगणारा पॅरामीटर) तसंच राहिलं असेल तर हीच गत होते. पण ते मिशन प्लॅनरच्या कृत्रिम क्षितिजात जमिनीवरच दिसतं: नाक वर केल्यावर क्षितिज कलंडलं की समजायचं.

दोन ते सहा सेकंदांत एका बाजूला ओढ किंवा नाक खाली

विमान पालथं होत नाही, पण स्विच मारताच एका बाजूला कलतं किंवा नाक खाली घालून थोडी उंची गमावतं आणि मग हळूहळू सावरतं. हा ट्रिमचा थर.

हातानं उडवताना आपण ट्रान्समीटरची ट्रिम टिकटिक सरकवतो आणि विमान सरळ जातं. ती ट्रिम म्हणजे बोर्डाच्या दृष्टीनं थोडी सरकलेली काठी. एफबीडब्ल्यूएमध्ये काठी कोन मागते, म्हणून सरकलेली ट्रिम कायम तीन-चार अंशांची कूस मागत राहते. ऑटोमध्ये ट्रिमचा तो आधार उरतच नाही, आणि आय टर्म (पी-आय-डीतला, साठत गेलेली चूक भरून काढणारा भाग) भरेपर्यंत विमान मुळातल्या वाकडेपणावर उडतं. ते भरायला जे चार-सहा सेकंद लागतात तेच तुम्हाला दिसतात.

उपाय यांत्रिक आहे. ट्रान्समीटरच्या सगळ्या ट्रिम शून्यावर आणा, रेडिओ कॅलिब्रेशन पुन्हा करा आणि पुशरॉडचे (सर्वो आणि फळी जोडणाऱ्या तारेचे) टोकाचे क्लेव्हिस फिरवून एलेरॉन-एलेव्हेटर सरळ करा. उरलेला बारीक फरक सर्वो ट्रिममध्ये. सर्वो ऑटो ट्रिम १ केलं तर सरळ उड्डाणात बोर्ड तो स्वतः शिकतो, पण दहा अंशांचा वाकडेपणा त्याच्यावर ढकलू नका.

आता लेव्हल, म्हणजे सपाट स्थिती कोणती ते बोर्डाला शिकवणं. कॅलिब्रेशन करताना बहुतेक जण विमान टेबलावर पोटावर ठेवतात आणि बटण दाबतात. पण फोमच्या विमानाचं पोट आणि त्याची उडतानाची स्थिती एक नसते. पंखाला उचल मिळायला थोडा कोन लागतो, आणि १.२ किलोच्या जड झालेल्या विमानाला मूळच्या हलक्या विमानापेक्षा जास्तच. शेपटीखाली किंवा नाकाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून विमान सरळ उडतानाच्या स्थितीत आणा आणि मग लेव्हल दाबा. नंतर एफबीडब्ल्यूएमध्ये क्रूझ थ्रॉटलवर (नेहमीच्या उड्डाणाला लागणाऱ्या मोटरच्या जोरावर) काठ्या सोडून बघा. उंची सावकाश कमी होत असेल तर पिच ट्रिम एका अंशानं वाढवा, पुन्हा बघा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं.

हे बारीकसारीक वाटेल, पण वळणात उंची जाण्याचं एक मूळ इथंच आहे. एअरस्पीड सेन्सर नसलेल्या विमानात थ्रॉटल किती द्यायचा हे बोर्ड पिचच्या मागणीवरून ठरवतो. पिच शून्य असेल तर ट्रिम थ्रॉटल, पिच कमाल मर्यादेला असेल तर कमाल थ्रॉटल, मधल्या कोनांना त्या प्रमाणात. शून्याची जागाच चुकली असेल तर थ्रॉटलचा सगळा हिशोब सरकतो.

सीजी (गुरुत्वमध्य) पुन्हा तपासा. बोर्ड, जीपीएस, टेलिमेट्री हे सगळं जागा मिळेल तिथं, म्हणजे बहुधा पंखाच्या मागं, ठेवलं जातं. सीजी पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांत असावा. त्यामागं गेला की हात सवयीनं सावरून घेतो, ऑटोपायलट मात्र नाक वर-खाली करत बसतो आणि आपण पिचच्या गेनला दोष देतो. बॅटरी पुढं सरकवा. नाकात शिसं घालणं हा शेवटचा मार्ग.

वळवळ

थोडक्यात सांगतो, कारण यावर लिहिलं खूप जातं आणि कारणं मोजकी आहेत. दर सेकंदाला दोन-तीन झटके असतील तर गेन जास्त किंवा जोडण्या ढिल्या. हॉर्नचं भोक मोठं झालेलं, बाउडन नळीतली तार वाकणारी, सर्वोचा दात झिजलेला. एलेरॉन बोटानं हलवा. सर्वो न हलता कड दोन मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर ऑटोट्यूनचा (बोर्डानं गेन स्वतः शोधण्याचा) विचार सोडा. ढिल्या जोडणीवर केलेलं ऑटोट्यून त्या ढिलाईलाच अनुरूप चुकीचे गेन देतं.

पंधरा-वीस सेकंदांची लांब नागमोड, मार्गाच्या रेषेच्या या बाजूनं त्या बाजूला, ही वेगळी गोष्ट आहे. रोल मागणीप्रमाणे बरोबर चालतो, मागणीच डोलते. इथं नॅव्ह-एलवन-पीरियड (मार्गाकडे किती जोरात वळायचं ते ठरवणारा पॅरामीटर, आकडा मोठा तितकं वळण सौम्य) एक-एकनं वाढवा. उलट विमान कोपऱ्यावर फार रुंद वळत असेल तर तोच एक-एकनं कमी करा.

वळणात उंची जाते

सगळ्यात जास्त विमानं इथं जातात, म्हणून थोडा हिशोब.

१.२ किलो वजन, ०.२६ चौरस मीटर पंख आणि फोमच्या पंखाला झेपणारा कमाल उचल गुणांक १.१ धरला तर सरळ उड्डाणात स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो, सेकंदाला ८.३ मीटर येतो. हेच विमान मूळ ९०० ग्रॅमचं होतं तेव्हा तो ७.२ होता. तुम्ही विमान जड केलंत आणि अंगवळणी पडलेला हात जुन्या विमानाचाच आहे.

कूस दिली की पंखावरचा भार वाढतो. ३० अंशांना १.१५ पट, ४५ अंशांना १.४१ पट, ६० अंशांना दुप्पट. स्टॉलचा वेग त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे ४५ अंशांना १.१९ पट. आपल्या विमानाचा ८.३ इथं ९.९ होतो. आर्डूप्लेनमध्ये एअरस्पीड मिनचा मूळ आकडा ९ असतो. म्हणजे किमान म्हणून बोर्डाला सांगितलेल्या वेगाला हे विमान ४५ अंशांच्या वळणात आधीच स्टॉल झालेलं असतं, आणि रोलची मूळ मर्यादाही नेमकी ४५ आहे.

लॉइटर (एका जागी घिरट्या) आणि आरटीएलमध्ये (घरी परतण्याच्या मोडमध्ये) मात्र हेच विमान तासन्‌तास शहाण्यासारखं फिरतं. कारण ६० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाला सेकंदाला १२ मीटर वेगात फक्त १४ अंशांची कूस पुरते. मिशनच्या (आखून दिलेल्या मार्गाच्या) काटकोनी कोपऱ्यावर मात्र बोर्ड थेट मर्यादेला जाऊन टेकतो. ‘आरटीएल चालतं, मिशनमध्ये पडतं’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

वारा आला की लॉइटरसुद्धा सुरक्षित राहत नाही. वर्तुळ जमिनीच्या संदर्भात काढायचं असतं, म्हणून कूस जमिनीवरच्या वेगावरून ठरते. सेकंदाला ८ मीटरचा वारा असेल तर वाऱ्याच्या दिशेनं जाणाऱ्या भागात जमिनीवरचा वेग २० होतो आणि त्याच ६० मीटरच्या वर्तुळाला ३४ अंश लागतात. हवेतला वेग मात्र १२ च आहे. वर्तुळाच्या एकाच बाजूला दर फेरीत उंची जात असेल तर वाऱ्याची दिशा आठवा. लॉइटर त्रिज्या ८० ते १०० मीटर केली की हा त्रास निवतो.

क्रमानं करायचे बदल:

रोल लिमिट ४५ वरून ३० ते ३५. पहिल्या दहा उड्डाणांना एवढं पुरे. ३० अंशांनाही १२ मीटर वेगात त्रिज्या २५ मीटर येते, त्याहून छोटं वळण नकाशावर फिरणाऱ्या विमानाला लागत नाही.

एअरस्पीड मिन १०.५ ते ११, क्रूझ १३ ते १४. स्टॉल प्रिव्हेन्शन चालू असलं तरी ते तुमच्या एअरस्पीड मिनवर विश्वास ठेवून चालतं. तो आकडाच खोटा असेल तर संरक्षण उशिरा येतं. सेन्सर नसलेल्या विमानात ते अंदाजे काढलेल्या वेगावर चालतं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

ट्रिम थ्रॉटल. मूळ आकडा ४५ टक्के, आणि तो कुणाच्या तरी विमानाचा असतो, तुमच्या नव्हे. एफबीडब्ल्यूएमध्ये काठ्या मध्यावर ठेवून उंची न बदलता विमान मोकळेपणानं उडेल असा थ्रॉटल शोधा, लॉगमधून त्याची टक्केवारी वाचा आणि तीच भरा. जड झालेल्या विमानात ती ५० ते ६० निघते. सेन्सर नसलेल्या विमानात ही एक दुरुस्ती बाकी सगळ्यांपेक्षा भारी पडते.

टेक्स रोल-टू-थ्रॉटल (टेक्स म्हणजे बोर्डाचा वेग-उंची सांभाळणारा भाग). वळणातल्या वाढीव ओढीसाठी किती थ्रॉटल जास्त द्यायचा ते हा ठरवतो. मूळ १०. वळणात वेग पडत असेल तर १५, मग २०.

पिच-टू-सर्वो-रोल. कूस दिल्यावर नाक क्षितिजावर राहावं म्हणून एलेव्हेटर किती ओढायचा याचा गुणक, मूळ १. एफबीडब्ल्यूएमध्ये फक्त रोलची काठी टोकाला धरा. नाक खाली जात असेल तर ०.०५ नं वाढवा, वर येत असेल तर कमी करा. हा बदल मुद्दाम शेवटी ठेवला आहे. वेग कमी असताना नाक जास्त ओढलं तर स्टॉल जवळच येतो. ‘वळणात नाक पडतं ना, मग वाढवा एलेव्हेटर’ हा सल्ला सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत महागडा आहे.

चढताना नाक वर धरून लटकतं, मग पडतं

पिच लिमिट मॅक्सचा मूळ आकडा २० अंश. तेवढ्या कोनात सतत चढायला किती जोर लागतो? वजनाचा ०.३४ पट भाग गुरुत्वाकर्षण खातं, वर हवेची ओढ वजनाच्या साधारण ०.१३ पट. एकूण ०.४७. आपल्या विमानासाठी हे ५६० ग्रॅम होतात, आणि तेही उडताना. जागेवर तोललेला जोर यापेक्षा बराच जास्त लागतो, कारण वेगात प्रॉपचा जोर घटतो. काट्यावर ७५० ते ८०० ग्रॅम दिसत नसेल तर मोटर किंवा प्रॉप बदला, नाहीतर पिच लिमिट १० ते १२ वर आणा. १० अंशांना एकूण गरज ०.३० पटीवर उतरते. थ्रॉटल मॅक्सही बघा. जुन्या आवृत्त्यांत तो ७५ टक्के असायचा आणि जुन्या फाइलींतून अजून डोकावतो.

चाचणी ८० मीटर उंचीवर: एफबीडब्ल्यूए, पूर्ण थ्रॉटल, एलेव्हेटर काठी पूर्ण मागं, दहा सेकंद. वेग टिकला पाहिजे. मिळालेला चढण्याचा वेग टेक्स क्लाइंब मॅक्समध्ये भरा; मूळ ५ मीटर प्रतिसेकंद या विमानाला भर बॅटरीत कदाचित जमेल, अर्ध्या बॅटरीत नाही. मग थ्रॉटल शून्य करून तरंगत येताना उतरण्याचा जो वेग दिसेल तो टेक्स सिंक मिन.

पंखाच्या वर, मागं लावलेल्या मोटरची एक खोड लक्षात ठेवा. जोराची रेषा सीजीच्या वरून जाते, म्हणून थ्रॉटल वाढवला की नाक खाली जातं. ऑटोमध्ये चढण्यासाठी बोर्ड एकदम थ्रॉटल देतो आणि पहिला परिणाम उलटाच दिसतो. मोटरच्या बैठकीखाली पातळ वॉशर घालून शाफ्टचं मागचं टोक दोन-तीन अंश वर उचला, म्हणजे जोराची रेषा सीजीकडे झुकते.

दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात उडवणाऱ्यांनी आणखी एक बाब धरावी. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना तिथली हवा प्रमाण हवेपेक्षा १३ टक्क्यांनी विरळ असते. स्टॉलचा खरा वेग सात टक्क्यांनी वाढतो आणि प्रॉपचा जोरही घटतो. डिसेंबरच्या सकाळी बसवलेले आकडे म्हणून मे महिन्यात फसतात. पिटोट नळी (एअरस्पीड सेन्सरची नळी) असेल तर वेगाच्या आकड्यांना हा फरक लागत नाही, कारण ती दाबच मोजते. जोराला मात्र लागतो.

पिटोट नळीच खोटं बोलत असेल तर

सेन्सर बसवला म्हणजे काम झालं असं नाही. सेकंदाला १२ मीटर वेगात नळीत फक्त ८६ पास्कल दाब तयार होतो. एमएस-४५२५ हा नेहमीचा सेन्सर १ पीएसआय म्हणजे जवळपास ६,९०० पास्कलपर्यंत मोजणारा आहे, तेव्हा आपण त्याच्या तळाशी काम करतो. बोर्ड सुरू होताना नळी न झाकता ५ मीटरचं वारं आत गेलं, तर १५ पास्कल शून्य म्हणून नोंदले जातात आणि १२ चा वेग १०.९ दिसतो. तेवढं परवडतं, विमान थोडं जोरात उडेल. उलटी चूक जिवावर बेतते: सेन्सर तापून शून्य वर सरकलं की वेग जास्त दिसतो, बोर्ड थ्रॉटल कमी करतो आणि विमान स्टॉलकडे सरकतं. बोर्ड चालू करून पाच मिनिटं थांबा, नळीवर सैल कापडी टोपी घाला, प्रीफ्लाइट कॅलिब्रेशन पुन्हा दाबा, टोपी काढून नळीसमोर हलकी फुंकर मारा. आकडा वाढला पाहिजे. वाढत नसेल तर बहुधा भोकात काहीतरी अडकलं आहे. घरात टांगून ठेवलेल्या विमानाच्या नळीत गांधीलमाशी माती भरते, पावसाळ्यात थेंब अडकतो.

मध्येच, कारण नसताना

लॉग उंचावरच तुटला असेल, म्हणजे शेवटच्या ओळीत उंची ६० मीटर आणि पुढं काहीच नाही, तर बोर्डाची वीज गेली. ट्यूनिंगचा इथं संबंध नाही. ईएससीमधला (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटमधला) साधा लिनिअर बीईसी (बोर्ड-सर्वोंना वीज पुरवणारा भाग) तीन सेलच्या भरलेल्या बॅटरीतून ५ व्होल्ट काढताना दर ॲम्पिअरला ७.६ वॉट उष्णता करतो. हातानं उडवताना सर्वो अधूनमधून हलतात. ऑटोमध्ये चारही सर्वो सतत थरथरत असतात, म्हणून बीईसी तापून माघार घेतो तो ऑटोमध्येच. सर्वोसाठी ३ ॲम्पिअरचा स्वतंत्र स्विचिंग यूबीईसी, बोर्डासाठी वेगळं पॉवर मोड्यूल. लॉगमध्ये बोर्डाचा व्होल्टेज ४.७ च्या खाली डोकावत असेल तर पुढचं उड्डाण करू नका.

जीपीएस मध्येच उपग्रह गमावत असेल आणि विमानात १.२ किंवा १.३ गिगाहर्ट्झचा व्हिडिओ ट्रान्समीटर असेल, तर जीपीएसच्या १.५७५ गिगाहर्ट्झला त्याचा उपद्रव होतो. ५.८ वर जा किंवा दोघांना पंखाच्या दोन टोकांना ठेवा. होकायंत्र बॅटरीच्या तारांपासून किमान १० सेंटिमीटर लांब असावं. जागाच नसेल तर कंपास यूज शून्य करा. स्थिर पंखाचं विमान जीपीएसच्या चालीवरून दिशा काढून होकायंत्राशिवाय व्यवस्थित उडतं, आणि वाईट होकायंत्रापेक्षा ते बरं.

रिसीव्हरचं फेलसेफ (रेडिओचा संपर्क तुटल्यावर काय करायचं ते सेटिंग) ‘शेवटची स्थिती धरून ठेवा’ असं असेल तर संपर्क तुटल्याचं बोर्डाला कळतच नाही. ‘पल्स नाही’ असं ठेवा आणि प्रॉप काढून, रेडिओ बंद करून, मोड खरंच बदलतो का ते पडद्यावर बघा.

चाचणीची उंची, आणि मदत मागताना

सगळ्या चाचण्या ८० ते १०० मीटरवर करा, सावरायला वेळ मिळतो. भारतात हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात वरची हद्द सहसा १२० मीटर असते. आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचं यान मायक्रो गटात येतं. बिनव्यावसायिक वापराला त्यात रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी क्रमांकाचं बघावं लागतं.

हातानं फेकून ऑटो टेकऑफ करणार असाल तर टेकऑफ थ्रॉटल डिले शून्य ठेवू नका. त्याचं एकक सेकंदाचा दहावा भाग आहे. मागच्या प्रॉपच्या विमानाला किमान २ द्या, म्हणजे बोटं बाहेर आल्यावर मोटर फिरते. आर्मिंग चेक (मोटर चालू होऊ देण्याआधीची बोर्डाची तपासणी) बंद करून विमान आर्म करायची सवय असेल तर ती आजच मोडा.

ऑटोट्यून यानंतर. लेव्हल ६, एका अक्षावर काठी टोकापासून टोकाला किमान वीस वेळा, वारा पडलेला असताना.

एवढं करूनही अडलं आणि जाणत्याला विचारायचं असेल तर पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. बोर्डातली मूळ .बिन लॉग फाइल, पूर्ण पॅरामीटर फाइल, उड्डाणाचं तोललेलं वजन, सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मिमीवर आहे तो आकडा, आणि स्विच मारल्यापासून बिघाडापर्यंत गेलेले सेकंद. लॉगमध्ये मोड बदलल्याची वेळ असते, त्यामुळे ते सेकंद आठवणीनं सांगावे लागत नाहीत, मोजता येतात.